सोडलं म्हणजे नेमकं काय झालं?

एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात, म्हणजे जेवायला बसतात. पूजेच्या आरंभी संकल्प सोडतात, म्हणजे तो करतात. धरणातून पाणी सोडतात ते कोणाच्या तरी शेताला मिळावं म्हणून. म्हाडाची सोडत निघते तेव्हा कोणाला तरी घर लागतं. आणि बहिणीने वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडला, असं आपण म्हणतो तेव्हा तिचं नाव सातबाऱ्यावरून कमी होतं. क्रियापद एकच आहे. पहिल्या चार वाक्यांत कोणाचंच काही कायमचं गेलेलं नाही. पाचव्यात मात्र गेलेली गोष्ट सहसा परत येत नाही.

यातला फरक मराठी माणसाला घरात कधी शिकवावा लागत नाही. ‘सोड रे, झालं ते झालं’ आणि ‘सोड माझा हात’ यांत कोणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो घरातला सैल अर्थ घेऊन माणूस दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातो तेव्हा. तिथल्या कागदावर तोच शब्द वेगळ्याच ताकदीने काम करतो. ती ताकद येते कुठून, हे समजून घ्यायचं तर आधी रोजच्या बोलण्यातले शब्द पाहावे लागतील.

सोडणं आणि सुटणं

‘नोकरी सोडली’ म्हणजे माणसाने ठरवून सोडून दिली. ‘नोकरी सुटली’ म्हणजे हातातून गेली. ‘गाव सोडलं’ यात निर्णय आहे, ‘गाव सुटलं’ यात परिस्थिती. ‘सोडणं’ आपण करतो, ‘सुटणं’ घडतं. तंबाखूच्या बाबतीत हे फार नेमकं दिसतं. ‘आजपासून तंबाखू सोडली’ असं माणूस पहिल्याच दिवशी म्हणू शकतो. ‘याची तंबाखू सुटली’ असं मात्र घरची माणसं म्हणतात, तेही बरेच महिने गेल्यावर. सोडण्याला एक क्षण पुरतो, सुटायला काळ जावा लागतो.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो नागरिकत्वाच्या बाबतीत भेटतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दोन वेगळी कलमं आहेत. आठव्या कलमानुसार नागरिक स्वतः घोषणा करून भारतीय नागरिकत्व सोडतो. नवव्या कलमात घोषणेची गरजच नसते. माणसाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. अमेरिकेत शपथ घेतल्यावरही ‘मी भारताचं नागरिकत्व कुठे सोडलंय, तसा अर्जच केला नाही’ असं म्हणणारे भेटतात. त्यांनी सोडलेलं नसतं हे खरं, पण सुटलेलं असतं. पुढे जुना पासपोर्ट जमा करायचा असतो, ती केवळ झालेल्या गोष्टीची कागदोपत्री पूर्तता.

मुदतीचं सोडणं हा आणखी एक प्रकार. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य करणारी घरं आजही पुष्कळ आहेत. त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याचे पदार्थ मनसोक्त खातात. खंडोबाचा कुळाचार असलेल्या घरांत वांगं पुन्हा पानात येतं ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. इथे सोडण्याची तारीख ठरलेली आहे आणि परत घेण्याचीही. काशीयात्रेला गेल्यावर आवडतं फळ किंवा भाजी सोडून यायची प्रथा याच्या उलट. ते जन्मभरासाठी. दोन्हींना शब्द ‘सोडणे’ हाच. मुदत शब्दात नसते, ती प्रथेत असते आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

‘टाकणे’ हा शब्द मात्र वेगळा काढायला हवा. आपल्याकडे ‘नवऱ्याने टाकलेली’ असं सहज बोललं जातं. सोडणाऱ्याच्या मनात सोडलेल्या गोष्टीची काही किंमत असते, टाकणाऱ्याच्या मनात ती उरलेली नसते. ‘परित्यक्ता’ हा सरकारी कागदांतला शब्द सभ्य वाटतो, पण तोही त्या बाईची ओळख तिच्या नवऱ्याने काय केलं यावरूनच करून देतो. हे दोन्ही शब्द जपून वापरावेत असं मला वाटतं.

पाणी, तीळ आणि तुळशीचं पान

‘त्या पैशांवर पाणी सोडलं’, ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवलं’, ‘अभ्यासाला तिलांजली दिली’. तिन्ही वाक्प्रचार आपण न थांबता बोलतो. तिन्ही मुळात हाताने करायच्या कृती होत्या.

दान देताना दाता हातावरून पाणी सोडतो. भूमिदानाच्या जुन्या ताम्रपटांत दान ‘उदकपूर्वक’ किंवा ‘धारापूर्वक’ दिल्याचे उल्लेख येतात ते यामुळेच. पाण्याची धार पडली की व्यवहार पुरा. दान द्यायच्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवलं की तीही आपली राहिली नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या समाजात मालकी नेमकी कोणत्या क्षणी संपली, हे चारचौघांना डोळ्यांनी दिसावं लागे. पाणी आणि पान ती खूण पटवत. आजच्या दस्तावरची सही आणि अंगठा तेच काम करतात.

धर्मशास्त्रकारांनी दानाचे दोन भाग केले आहेत. पहिला भाग, देणाऱ्याची मालकी संपणं. दुसरा भाग, घेणाऱ्याची मालकी निर्माण होणं. दोन्ही झाले तर दान. होमात आहुती देताना यजमान ‘न मम’ म्हणतो, म्हणजे ‘हे माझं नाही’. त्या उच्चारालाच त्याग म्हणतात, आणि तो पहिला भाग आहे. त्याग म्हणजे आपला हात काढून घेणं, दान म्हणजे हात काढून दुसऱ्याच्या हाती देणं. ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक जवळजवळ असाच आहे.

तिलांजलीचं मूळ दानात नाही. ओंजळीत तीळ आणि पाणी घेऊन मृताला द्यायची ती अंजली. म्हणून सवयीला तिलांजली दिली म्हणजे ती मेली असं मानून तिचे अंत्यविधी केले. मराठीतले सोडण्याचे सर्वांत कठोर शब्द असे मृत्यूच्या विधींतूनच आलेले आहेत. ‘घटस्फोट’ हा त्यातलाच. आज तो फक्त विवाहविच्छेदाचा शब्द आहे, पण धर्मशास्त्रात तो बहिष्काराचा विधी होता. पतित ठरलेल्या माणसाचे नातेवाईक तो जिवंत असतानाच त्याच्या नावाने पाण्याचा घडा उलथवत किंवा फोडत. त्यानंतर कुळाच्या दृष्टीने तो मेलेला असे. संन्यास घेणाराही आधी स्वतःचं श्राद्ध करतो. जुन्या हिंदू कायद्यात संन्यासी संपत्तीपुरता मृत समजला जाई आणि त्याची मालमत्ता वारसांकडे जाई.

संन्यासातून परत येणं किती महाग पडे, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते आळंदीला परत संसारात आले, आणि त्यांच्या चारही मुलांना, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांना, समाजाने संन्याशाची पोरं म्हणून बाहेर ठेवलं, असं परंपरा सांगते. वडिलांनी सोडलेलं परत घेतलं, त्याचा हिशेब मुलांकडे मागितला गेला. हल्लीच्या बातम्यांतला ‘राजकीय संन्यास’ पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकत नाही. शब्द तोच असला तरी त्यातला मृत्यू निघून गेला आहे.

लग्न मोडण्याचे बाकीचे शब्द पाहू. ‘काडीमोड’मध्ये काडी मोडून नातं तुटल्याचं दाखवण्याची प्रथा आहे. ‘फारकत’ हा अरबी-फारसीतून आलेला, मूळचा मोकळीक दिल्याच्या कागदाचा शब्द. ‘सोडचिठ्ठी’ तर सरळच आहे. हिंदू विवाह कायद्याने, म्हणजे १९५५ पासून, रूढीने चालत आलेला काडीमोड मान्य ठेवला आहे, पण अशी रूढी त्या समाजात खरोखर आहे हे सिद्ध करावं लागतं. नुसत्या मुद्रांकावर नोटरीसमोर लिहिलेल्या सोडचिठ्ठीने कायद्याच्या दृष्टीने लग्न मोडत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करून अडचणीत आलेली माणसं वकिलांकडे नेहमी येतात.

राजी असल्याचा कागद

‘राजीनामा’ फारसीतून आला. राजी असल्याचा नामा, म्हणजे संमतीचा कागद. उर्दूत आणि हिंदीत त्याचा अर्थ आजही तडजोड, समेट असा आहे. पद सोडण्याला तिकडे इस्तीफा म्हणतात. मराठी, गुजराती, कन्नड आणि तेलुगू या भाषांत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणं. मुंबई इलाख्याच्या महसूल कारभारात राजीनामा आणि कबुलायत अशी जोडीच होती. शेतजमिनीचा कब्जेदार सरकारला राजीनामा लिहून द्यायचा, की ही जमीन मी राजीखुशीने सोडतो. नवा कब्जेदार कबुलायत लिहून द्यायचा, की तिचा सारा मी भरेन.

राजीनाम्याची खरी मेख ‘कधी लागू होतो’ यात आहे. राष्ट्रपती उपराष्ट्रपतींच्या नावे सहीनिशी पत्र देतात. त्यावर कोणाच्या मंजुरीची अट राज्यघटनेने घातलेली नाही. आमदाराचं तसं नाही. १९७४ साली झालेल्या ३३ व्या घटनादुरुस्तीनंतर विधानसभेच्या अध्यक्षांना राजीनामा स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे याची खात्री करून घ्यावी लागते, मगच तो स्वीकारला जातो. दबावाखाली लिहून घेतलेल्या राजीनाम्यांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू. ‘राजीनामा दिला’ आणि ‘राजीनामा मंजूर झाला’ या दोन वेगळ्या बातम्या का असतात, ते यावरून कळेल. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा त्या तारखेआधी मागे घेता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या प्रकरणात दिला.

थोडक्यात, पद सोडणाऱ्याला कायदा विचार बदलायला थोडी जागा ठेवतो. जमीन सोडणाऱ्या बहिणीला ती सही होण्याआधीच शोधावी लागते.

‘हक्कसोडपत्र लिहून देते’

आता मूळ कागदाकडे येऊ. हक्कसोडपत्रात दोन पक्ष असतात, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. आत साधारण अशी भाषा असते, की सदर मिळकतीतील माझा हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता सोडला असून, त्यावर माझा अगर माझ्या वालीवारसांचा कोणताही हक्क, अधिकार, हितसंबंध राहिलेला नाही. या लांबलचक वाक्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘राजीखुशीने’ हा शब्द उद्या फसवणुकीची तक्रार झाली तर पुढे केला जातो. ‘वालीवारस’ लिहिल्याने बहिणीच्या मुलांनाही आईच्या वाट्यावर दावा सांगायला जागा उरत नाही.

पहिला प्रश्न, सोडायला हक्क मुळात आहे का? वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा, किंवा मुलाचाही, हक्क नसतो. असते ती फक्त पुढे मिळण्याची आशा, आणि अशी आशा दुसऱ्याला देता येत नाही असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं सहावं कलम सांगतं. वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचं तसं नाही. तिथे मुलीचा हक्क मुलाप्रमाणे जन्मापासूनच आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ मध्येच केली, पण ती त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. गावोगावी फेरफाराच्या वेळी बहिणींच्या सह्यांची घाई वाढली ती या बदलांमुळे. आधी जन्मापासूनचा हक्कच नव्हता, तेव्हा सहीची एवढी घाईही नव्हती.

दुसरा प्रश्न, सोडलेला वाटा जातो कुठे? समजा, वडिलांच्या मागे त्यांची स्वतःची आठ एकर जमीन आहे, मृत्युपत्र नाही, आणि वारस आई, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे प्रत्येकाला दोन एकर. रेल्वेच्या बाकावर चौघे बसलेत आणि एक उठला, तर उरलेले तिघे ऐसपैस बसतात. हक्कसोड हे तसं उठणं आहे. उठणाऱ्याला आपली जागा बाहेर उभ्या असलेल्याला देता येत नाही. हक्कसोडपत्र सहहिस्सेदारांच्या लाभातच होतं. बाहेरच्याला द्यायचं तर बक्षीसपत्र किंवा खरेदीखत करावं लागतं. बक्षीसपत्रात दानाचे दोन्ही भाग लागतात. देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं, आणि स्थावर असेल तर दोन साक्षीदार आणि नोंदणीही.

पण बाकावर मोकळी झालेली जागा कोणाला, हे दस्तात कोणाची नावं आहेत त्यावर ठरतं. मुलीने फक्त दोन भावांच्या लाभात लिहून दिलं, तर भावांचे तीन-तीन एकर होतात आणि आईचे दोनच राहतात. ‘घरच्यांसाठी सोडलं’ असं बहीण म्हणते तेव्हा तिच्या मनात बहुधा आईही असते. दस्तात ती असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट नोंदणीची. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडणारा दस्त नोंदवावाच लागतो, तोही सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत सादर करून. नुसती नोटरी पुरत नाही. कार्यालयात लिहून देणाऱ्याचा कॅमेऱ्याने फोटो निघतो, यंत्रावर अंगठा उमटतो, ओळख पटवणारे सोबत लागतात. सही तुमचीच ना आणि दस्त मान्य आहे ना, एवढं विचारतात. त्या प्रश्नाला बाहेर गाडी थांबलेली, भाऊ शेजारी उभा आणि मुलांची शाळा सुटायची वेळ झालेली असताना ‘हो’ म्हटलं जातं. कायद्यासाठी तेवढं ‘हो’ पुरेसं असतं.

त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार. नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एक गोष्ट इथे स्पष्ट असावी. सातबारा ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही. म्हणून नाव चुकून कमी झालं तर हक्क गेला असं घाबरू नये, आणि नाव अजून आहे म्हणून नोंदणी झालेला हक्कसोड रद्द झाला असंही समजू नये.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक सूचना. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतला वेगळा वारसा कायदा आहे. मुलांचा निम्म्या संपत्तीवरचा वाटा मृत्युपत्रानेही काढता येत नाही, आणि विवाहिताच्या मालमत्तेत जोडीदाराचाही भाग असतो. त्यामुळे महाराष्ट्रातला नमुना तिथे जसाच्या तसा चालत नाही.

चौकट : सही करण्याआधी

मिळकत वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित?
माझा वाटा नेमका किती? एकरात किंवा चौरस फुटांत सांगा.
‘लिहून घेणार’ म्हणून कोणाकोणाची नावं आहेत? आईचं आहे का?
दस्तात एकच गट क्रमांक आहे की ‘इतर सर्व मिळकती’ असे शब्द आहेत?
मोबदला घेतला असेल, तर तो दस्तात लिहिला आहे का? हक्कसोड मोबदल्यासह किंवा विनामोबदला, दोन्ही प्रकारे होतो.

माहेर आणि दस्त

बहिणी सही का करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माहेरची वाट बंद होऊ नये, भाऊबीजेला ओवाळायला जाता यावं, आईला म्हातारपणी भावाकडे नीट राहता यावं. काही घरांत चोळीबांगडी म्हणून थोडी जमीन किंवा रक्कम देतात आणि त्यात सगळं मिटलं असं मानतात. भावाने कर्ज काढून शेत सांभाळलं, आईबापांचं केलं, म्हणून मनापासून सोडणाऱ्या बहिणीही आहेत, आणि त्यांच्या निर्णयाचा मान राखला पाहिजे. माझी हरकत घाईला आहे. ‘सोडून दे गं’ या वाक्यातलं सोडणं आणि ‘हक्कसोडपत्र लिहून देते’ यातलं सोडणं एकच आहे असं भासवून घेतलेली सही मला रास्त वाटत नाही. पहिलं सोडणं उद्या बोलून बदलता येतं. नोंदवलेला दस्त लिहून देणारीला एकटीने रद्द करता येत नाही. सगळ्यांच्या संमतीने दुसरा दस्त करावा लागतो, नाहीतर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि फसवणूक झाल्याचं सिद्ध करायचं ओझं तिच्यावर असतं.

म्हणून भावांना विनंती आहे. दस्ताचा मसुदा बहिणीला आठ दिवस आधी, मराठीत पाठवा. तिला तो तिच्या घरी, तिच्या माणसांना दाखवू द्या. ‘राजीखुशीने’ हा शब्द लिहिलाच आहे, तर तो खरा असू द्या. आणि बहिणींनो, सही केली तरी आणि नाही केली तरी, नोंदवलेल्या दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे त्या नोंदणीचा गोषवारा, मागून घ्या. दोन्ही दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळतात.